नर्सबाईच्या बाळाचं बारसं

गेल्या पंचवीस डिसेंबरला वाशिममध्ये बर्फ पडला. आमच्या सोसायटीच्या आवारात, पाण्याच्या टाकीखाली, साधारण दहा बाय दहा फुटांत. घरात छताला टेकेपर्यंत कापूस साठवणाऱ्या आमच्या मुलखात बर्फासाठी थर्माकोलचे मणी ऑनलाइन मागवले होते. मधोमध प्लॅस्टिकचं झाड, शेजारी सेल्फीसाठी चौकट आणि लाल डगल्यात सेक्रेटरींचे मेहुणे. सकाळी अकराच्या उन्हात ते इतके घामाघूम झाले होते की पांढरी दाढी हनुवटीवरून सरकून गळ्यात आली होती. छत्तीस बिऱ्हाडांत ख्रिस्ती एकही नाही. त्याची कुणाला अडचण वाटत नव्हती. उलट त्यामुळेच सगळं सुरळीत चाललं होतं. पलीकडच्या सोसायटीत याच गोष्टीचा निषेध म्हणून दुसरी कसली तरी पूजा ठेवली होती. दोन्हीकडचा मंडपवाला एकच होता आणि तो फार खूश होता.

मायसाठी मी खुर्ची टाकून दिली होती. माय म्हणजे माझी आई. वय ऐंशीच्या पुढे, तीन वर्षांपासून गाव सोडून माझ्याकडे असते. ती झाडाकडे बघत होती, मग मेहुण्यांकडे, मग झाडाच्या बुडाकडे. काठी टेकत उठली, वाकून चौकटीच्या मागेही बघून आली.

"बाळ कुठी ठेवलं वं?" तिनं सेक्रेटरींच्या बायकोला विचारलं.

"आजी, ख्रिसमसमध्ये बाळ नसतं. सँटा असतो."

"मंग बाळंतपन कोनाचं झालं?"

सेक्रेटरीणबाई हसल्या. म्हाताऱ्या माणसांसाठी वेगळं काढून ठेवलेलं हसू असतं, ते. कुणीतरी मायच्या डोक्यावर लाल टोपी घातली, फोटो काढला. तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर आहे, खाली 'आमच्या यंग आजी' असं लिहिलंय. त्यात माय कॅमेऱ्याकडे बघत नाही. ती अजून बाळच शोधतेय.

घरात आल्यावर तिनं टोपी काढून माझ्या हातात दिली.

"मले गावाले ने," ती म्हणाली. "बारशाले."

"माय, ते बारसं बंद होऊन अकरा वर्षं झाली."

"मालूम हाय मले. पन माह्या पोराचं नाव इसरलं मी."

पोर म्हणजे माझा भाऊ. मी सात वर्षांची असताना तो जन्मला आणि नवव्या दिवशी गेला. नाव बाराव्या दिवशी ठेवतात, म्हणून त्याला नाव नव्हतं. मायनं मनात एक ठरवलं होतं, पण ते तिनं बापाला सांगितलं नाही, मलाही नाही. वर्षातून एकदा, पाच जानेवारीला, ती ते एका बाळाच्या कानात सांगायची. ते बाळ म्हणजे नर्सबाईचा येशू.

हे सांगितल्यावर लोक माझ्याकडे जसं बघतात, त्याची मला सवय आहे.

आमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात दोन खोल्या आणि एक व्हरांडा होता. तिथं नर्सबाई राहायची. गावातली एकुलती एक ख्रिस्ती. तिला नाव होतं, पण हजेरीपटाखेरीज ते कुठं वापरलं गेलं नाही. लग्न केलं नव्हतं, मूलबाळ नव्हतं. माझ्या लहानपणीचा डिसेंबर म्हणजे त्या व्हरांड्याचा वास. वर्षभर तिथं स्पिरिटचा आणि उकळत्या पाण्यातल्या सुयांचा वास यायचा. डिसेंबर संपत आला की त्यात तळण मिसळायचं. करंज्या, शेव, शंकरपाळे. गाव त्याला बाईची दिवाळी म्हणायचं. ताटं घरोघर जायची, वर पांढऱ्या दोऱ्यानं विणलेला रुमाल. रिकामं ताट परत करायची रीत नव्हती, म्हणून त्यातून उकडलेल्या तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, नवा गूळ बाईकडे यायचा. तुरीच्या शेंगा उकडताना जो गोडसर, मातकट धूर निघतो, तो आजही नाकात गेला की मला नाताळ आठवतो. मेणबत्ती नाही, केक नाही. शेंगा.

बारशाची सुरुवात माझ्या जन्माआधीची, ती मी मायच्या तोंडून ऐकली. पहिल्या वर्षी बाईनं एका सुपात कडबा पसरला आणि त्यावर बाळ निजवलं. तिच्या लहानपणी तिच्या घरी तसं करत. करंज्या घ्यायला आलेल्या बायकांनी ते पाहिलं आणि बाईला धारेवर धरलं.

"बाई, तुमी आमाले शिकवता लेकरू उबेत ठेवा म्हून. आन् तुमचं कडब्यात?"

बाईनं सांगून पाहिलं की हे गोठ्यात जन्मलं होतं. त्यावर बायका आणखी चिडल्या. गोठ्यात बाळंतपण झालंच कसं, दाई कुठं गेली होती, सासरचे काय करत होते? गोधडी आली. टोपडं आलं. गावच्या शिंप्याची बायको हलिमाखाला, तिनं कापडाच्या उरलेल्या तुकड्यांतून झबलं शिवलं. सुतारानं पाळणा दिला, तो व्हरांड्याच्या वाशाला टांगला. आणि एवढं झाल्यावर बोटांवर मोजून कुणीतरी म्हणालं, पंचवीस तारखेला जन्मलं म्हणजे पाच तारखेला बारसं.

"बाईनं साऱ्यायच्या लेकरायचं केलं," माय सांगायची, "तिच्या लेकराचं आमी नाई कराव?"

पुढं कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करताना मी वाचलं, की ख्रिस्ती लोकही जन्मापासून बारा दिवस मोजतात. मग पूर्वेकडून शहाणी माणसं भेटी घेऊन येतात. आमच्याकडे माणसं उत्तरेकडच्या पेठेतून आणि खालच्या वस्तीतून यायची, हातात घुगऱ्यांचं पातेलं घेऊन. शहाणी होती की नाही, माहीत नाही. वेळेवर यायची.

बाळ म्हणजे बाहुली होती. कापडी, आत कापूस, काळ्या दोऱ्यानं शिवलेले डोळे. दाईंना नाळ कशी बांधायची, लेकरू कसं धरायचं हे शिकवायला सरकारनं दिलेली. तळपायावर शाईनं साहित्य नोंदवहीचा नंबर होता. अकरा महिने ती दाईंच्या हातून उलटीपालटी व्हायची, एक महिना येशू असायची. बाईला त्यात काही गैर वाटायचं नाही. गावातल्या दोन पिढ्यांची डोकी जगात पहिल्यांदा तिच्या हातात आली. त्या डोक्यांत पुढं काय भरलं गेलं, त्याला ती जबाबदार नाही.

पाच तारखेला दुपार कलली की बायका जमायच्या. व्हरांड्यात एकच सतरंजी. एरवी माय पाटलीणकाकूंच्या ओट्यावर बसत नसे. बसू देत नसत, असं म्हटलं पाहिजे. बाईच्या सतरंजीवर त्या दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसायच्या. आमच्या घरात छप्पन साली आजोबांनी देव्हारा पोत्यात भरून नदीत सोडला, तेव्हापासून माय कुठल्याच देवाला हात जोडत नाही. सतरंजीवर शेजारी बसलेल्या एकीनं एकदा तिला टोमणा मारलाच.

"काहून वं, आमच्या देवापुढं वाकत नाई, आन् याच्यापुढं बरी वाकतं?"

"देव नाई तो," माय म्हणाली. "लेकरू हाय. लेकरापुढं वाकाच लागते, नाईतर उचलता कसं येईन?"

हलिमाखाला पाळण्याची दोरी धरून बसायची. तिचं म्हणणं आणखी सरळ होतं. "आमच्यात बी हाये हा. मरियमचा पोरगा. मोठा झाला का मंग त्यायचा अन् आमचा झगडा. बारा दिवसाचा हाये तोवर साऱ्या गावाचा."

बाळ पाळण्याच्या वरून, खालून फिरायचं. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या, असं पाटलीणकाकू म्हणायच्या. माय म्हणायची, कुणी सिद्धार्थ घ्या. हलिमाखाला म्हणायची, कोनी ईसा घ्या. बाई नुसती हसायची आणि बाळाची मान सांभाळून धरा, एवढंच सांगायची. पाळणा म्हणताना जिला जो येत असेल तो, नावाच्या जागी फक्त 'बाळ'. सूर सगळ्यांचा वेगळा. चुलीवर घुगऱ्या रटरटत असायच्या, खाली कपाशीच्या पऱ्हाटीचा जाळ.

मग नाव. नाव आत्या ठेवते, आणि बाईला नणंद नव्हती. पहिल्या वर्षी यावर सगळं अडलं. तेव्हा बाईनं मागं भिंतीला टेकून बसलेल्या एकीला हाक मारली. आठवड्यापूर्वी तिचं मूल सहाव्या दिवशी गेलं होतं. ती येणारच नव्हती, बाईनं बोलावून आणलं होतं.

"तू ये. आज तू माह्या लेकराची आत्या."

नाव ठेवताना आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, टाळ्या वाजवतात, ते सगळं बायकांनी केलं. पण ती बाहुलीच्या कानापासून उठेना. नाव सांगायला जितका वेळ लागतो त्यापेक्षा फार जास्त वेळ ती तिथं होती. बायका हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवत राहिल्या. ती काय म्हणाली, कुणी विचारलं नाही. दुसऱ्या वर्षी ती आली, आणि तिच्यामागं आणखी चौघी उभ्या होत्या.

असं ते झालं. ठरवलं कुणीच नाही. बाराव्या दिवसाआधी गेलेल्या पोरांना नाव नसतं, त्यांचं सुतक धड नसतं, फोटो नसतो, घरात त्यांच्याविषयी बोलायचं नसतं. आणि आईनं आपल्या लेकराचं नाव आपण ठेवायचं नसतं. त्यावर या बायकांनी काढलेला हा तोडगा. बाईच्या बाळाची आत्या व्हायचं आणि त्याच्या कानात आपल्या बाळाचं नाव ठेवायचं. दर वर्षी पुन्हा. बाकीच्यांनी टाळ्या अशा वाजवायच्या की शेजारणीलाही ऐकू जाऊ नये.

मी पाळण्याच्या पायथ्याशी बसून घुगऱ्या खात हे पाहायची. माय वाकायची तेव्हा तिचा पदर बाहुलीवर पडायचा, ओठ दिसायचे नाहीत. मी टाळ्या वाजवायचं थांबून ऐकायचा प्रयत्न केला, तर हलिमाखालानं माझा हात धरून दुसऱ्या हातावर आपटला. पाटलीणकाकू दोनदा वाकायच्या. एकदा पाळण्याच्या या अंगानं, मग पदर सारखा करून त्या अंगानं. मला वाटायचं, मोठ्या घरच्या म्हणून त्यांना दोनदा.

मग मी शिकले. वाशिमच्या कॉलेजातून पहिल्यांदा घरी आले तेव्हा मायला म्हटलं, ही अंधश्रद्धा आहे. आपण एवढं सगळं कशासाठी सोडलं? माय भाकरी थापत होती. तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, "तुले कोन बलावलं?" त्या वर्षापासून मी गेले नाही. हे मी विसरले नाही आणि कुणी मला ते माफ करावं अशी माझी मागणीही नाही. पण माझ्या शहाणपणानं फक्त मी गेले नाही. पुढं जे शहाणे आले, त्यांनी पाळणाच सोडवून नेला.

नर्सबाई रिटायर झाली तरी गावातच राहिली, गावातच गेली. बारसं तिच्यामागंही चाललं, अंगणवाडीच्या खोलीत. मग अकरा वर्षांपूर्वीच्या एकाच हिवाळ्यात तिघं आले. बाहेरगावचा एक प्रचारक आला. त्यानं सांगितलं, ही मूर्तिपूजा आहे, याचा प्रभूशी काही संबंध नाही. आमच्या वस्तीतले तरुण आले. त्यांनी सांगितलं, बारसंबिरसं आपण छप्पन सालीच सोडलंय. आणि वरच्या आळीतून पाटलीणकाकूंचा प्रमोद आपली मंडळी घेऊन आला. त्यानं सांगितलं, हे धर्मांतर आहे. तिघांचं एकमेकांशी एका शब्दावर पटत नाही. या एका कामात मात्र सगळ्यांचं एका आठवड्यात एकमत. प्रत्येकाचा धर्म स्वच्छ झाला. आपण नेमकं काय बंद केलं, हे तिघांतल्या एकानंही बायकांना विचारलं नाही. आणि बायकांनी सांगितलं नाही, कारण ते सांगायचं नसतं. एवढ्या साध्या पेचात ते संपलं.

अकरा वर्षं. जे वर्षातून एकदाच बोलायचं, ते अकरा वर्षं बोलायला मिळालं नाही, तर ऐंशीच्या डोक्यातून ते निसटणारच. चोर येऊन घर लुटून गेला तर निदान पंचनामा होतो.

पाच जानेवारीला मी मायला घेऊन निघाले. वाशिमजवळच्या मालेगावला एसटी बदलली, शिरपूरच्या गाडीत बसून मधल्या फाट्यावर उतरलो, तिथून ऑटो. तुरी निघाल्या होत्या, बांधावर तुऱ्हाट्यांच्या पेंढ्या उभ्या होत्या. कुणीतरी शेंगा उकडत होतं. मायनं नाक वर केलं. "पाच तारीखच हाय," ती म्हणाली, जणू कॅलेंडरवर तिचा भरवसा नव्हता.

उपकेंद्राच्या दोन खोल्यांवर आता छप्पर नाही. व्हरांड्याच्या पडलेल्या वाशाला पाळण्याची एक कडी अजून आहे, तिला बकरी बांधलेली होती. बाहुली पडक्या अंगणवाडीच्या खोलीत, सरकारी सामानात असणार. सरकार आपली कुठलीच वस्तू टाकून देत नाही. खोलीला कुलूप होतं. सरपंच प्रमोदची बायको आहे. किल्ली प्रमोदच्या खिशात असते.

तो आला. पंचेचाळिशीचा, गळ्यात रुमाल, मोटारसायकल बंद न करता बोलणारा.

"काकू, लय दिवसानं! जयभीम!"

"जयभीम, बापा. दार उघड."

"कायले?"

"बाईचं लेकरू पाहाचं हाय."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी शिकलेली, मी समजावून सांगेन, अशा बेतानं. मी बकरीकडे बघत राहिले.

"ताई, तुमी तरी सांगा हिले. वातावरन कसं हाय तुमाले मालूम हाय. कोनी व्हिडिओ काढला तं उद्या मलेच लोक इचारतीन. आन् पाळना तं आता मंदिरात हाय. रंगवला आमी. जन्माष्टमीले लागते."

"पाळना असू दे तथी," माय म्हणाली. "लेकरं झुलतात ना त्यात? मंग झालं. मले लेकरू पायजे. पाच मिनिट."

"काकू, ते बंद झालं आता..."

"पम्या, तुले उलटा धरून पाठीत थापट्या मारल्या होत्या बाईनं, तवा रडला तू. मी होतो तथी पानी तापवाले. दार उघड."

त्यानं मोटारसायकल बंद केली.

आत उंदरांचा आणि जुन्या कागदांचा वास होता. मोडका वजनकाटा, पोषणाची फाटकी पोस्टरं, टिनाच्या पेट्या. तिसऱ्या पोत्यात बाहुली सापडली. एका कुशीतून कापूस बाहेर आला होता, एका डोळ्याचा दोरा उसवला होता. तळपायावरचा नंबर मात्र स्वच्छ वाचता येत होता. अंगात हलिमाखालानं शिवलेलं शेवटचं झबलं, तीन रंगांच्या तुकड्यांचं.

माय उंबऱ्यावर बसली. बाहुली मांडीवर घेतली, कापूस बोटानं आत सारला, मानेखाली हात दिला. बाई शिकवायची तसा. मला वाटलं ती आता काहीतरी बोलेल, आठवेल तिला. तिनं वाकून आपला कान बाहुलीच्या तोंडाला लावला.

मी चाळीस वर्षं पुस्तकांत काढली. हरवलेलं पुस्तक कुठं असू शकेल, हे मला नंबरावरून सांगता येतं. त्या उंबऱ्यावर मी नुसती उभी होते आणि मला संताप येत होता. त्या तिघांचा, थर्माकोलच्या बर्फाचा, एका भाकरीच्या वेळेपुरत्या माझ्या शहाणपणाचा. बाहेर बकरी ओरडत होती. माय ऐकत होती.

"काय म्हनते, काकू?" प्रमोदनं विचारलं. थोडं चेष्टेनं, थोडं लवकर उरकावं म्हणून.

मायनं मान वर केली.

"काई नाई म्हनत. अकरा वर्षं पोत्यात होतं. आपन तरी बोललो असतो का?" तिनं झबल्याची नाडी बांधली. "तुह्या मायची बी दोन नावं याच्यापाशी हायत."

"कायची नावं?"

"तुह्या आंधीचे दोघं. एक सातव्या दिवशी गेलं. एक दुसऱ्याच दिवशी. दर साली येऊन सांगे याले. हे बंद होईपर्यंत येत होती तुही माय, मंग तेही गेली."

प्रमोदच्या हातात कुलूप होतं. ते त्यानं या हातातून त्या हातात घेतलं. त्याला माहीत नव्हतं. पंचेचाळीस वर्षं तो त्या घरातला थोरला मुलगा होता. त्यानं बाहुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे, जणू माझ्याकडे कुठंतरी याची नोंद असेल. मग तो मायच्या समोर, त्या धुळीत, उकिडवा बसला.

"कोनती नावं, काकू?"

"मले काय मालूम, बापा?" माय म्हणाली. "आमी टाळ्या वाजवून राह्यलो होतो."